बॉर्डर्स बुडाली आणि बार्न्स अँड नोबल तरली, हे कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : न्यू जर्सीत तुमच्या घराजवळ बॉर्डर्स या पुस्तकांच्या साखळीचं दुकान होतं, ते २०११ मध्ये बंद झालं. बार्न्स अँड नोबल ही दुसरी साखळीही त्याच वाटेने जाणार असं तेव्हा जो तो सांगत होता. आता तीच कंपनी दरवर्षी नवी दुकानं उघडतेय. माल एकच, गिऱ्हाईक एकच, समोर ॲमेझॉनही एकच. मग एक बुडाली आणि दुसरी तरली कशी? आणि शेवटी विचारलंय की आपल्याकडे, पुण्या-मुंबईत, असं काही का उभं राहत नाही, आणि कुणी अशा धंद्यात भागीदारी मागितली तर पैसे घालावेत का.

लोक ॲमेझॉनचं नाव घेऊन हा विषय एका वाक्यात मिटवतात. ॲमेझॉनने दोघींनाही झोडपलं, हे खरं. पण मार दोघींना सारखाच बसला असेल तर एकच का मेली, हे त्यातून कळत नाही. मी इंग्रजी पुस्तकांच्या वितरणात आयुष्य काढलं, मधली काही वर्षं दुकानही सांभाळलं. पुस्तकांच्या कुठल्याही साखळीची तब्येत बघायची झाली तर मी दोनच कागद मागेन : जागांचे भाडेकरार आणि परत गेलेल्या पुस्तकांचा हिशेब. विक्रीचा आकडा सगळ्यात शेवटी.

आधी रिटर्नचं सांगतो, कारण धंद्याबाहेरच्या माणसाला ते ठाऊक नसतं. दुकानदाराने घेतलेलं पुस्तक खपलं नाही तर ते प्रकाशकाला परत करता येतं आणि त्याचे पैसे खात्यात जमा होतात. अमेरिकेत ही पद्धत १९३०च्या दशकातल्या मंदीत रुजली. नव्या पुस्तकांत घालायला दुकानदारांकडे पैसा नव्हता, प्रकाशकांना माल हलवायचा होता. म्हणून ‘घ्या तर खरं, नाही खपलं तर परत करा’ असं सुरू झालं. मंदी गेली, पद्धत राहिली. हिरेबाजारात जांगडावर माल देतात, तसाच हा प्रकार. फरक इतकाच, की हिरा परत आला तरी हिराच असतो.

पुस्तकाचं काय होतं ते गोदामात उभं राहून बघावं. मार्चअखेर जवळ आली की भिवंडीला खोकी उतरायला लागतात. खोक्यावर पार्टीचं नाव, आत पॅकिंग स्लिप, स्लिपवर चाळीस प्रती, मोजल्या तर सदतीस. किमतीच्या स्टिकरचा डिंक मुखपृष्ठावर तसाच, जॅकेटचा कोपरा दुमडलेला, एखाद्या प्रतीवर कॉफीच्या कपाचं गोल वळ. दोन पोरं थिनरचा बोळा घेऊन स्टिकर खरवडत बसतात. ज्याचं तोंड बरं आहे ते पुन्हा स्टॉकला, उरलेलं रद्दीत. जाताना ट्रकभाडं, येताना ट्रकभाडं, मोजणी, क्रेडिट नोट, आणि त्या क्रेडिट नोटवरून दोन-दोन महिने फोनाफोनी. एका मोठ्या साखळीने आमचा हंगामाचा माल घेतला आणि बिल देय व्हायच्या आठवड्यातच निम्मा परत पाठवला, त्या निम्म्याची वजावट करून. त्यात फसवणूक काही नव्हती, अटीत बसत होतं. पण प्रकाशकाच्या पैशावर दुकान भरलेलं दाखवायची सवय साखळ्यांना कशी लागते ते त्यात दिसतं.

आता माणसांकडे वळू.

बार्न्स अँड नोबल हे नाव फार जुनं. चार्ल्स बार्न्सने १८७३ मध्ये इलिनॉयमधल्या व्हीटन गावी घरातून जुन्या पुस्तकांचा व्यापार सुरू केला. त्याच्या मुलाने १९१७ मध्ये न्यूयॉर्कला जाऊन नोबल यांच्याशी भागीदारी केली, तेव्हा जोडनाव पडलं. मुख्य धंदा पाठ्यपुस्तकांचा. फिफ्थ ॲव्हेन्यू आणि अठराव्या रस्त्याच्या कोपऱ्यावरचं त्यांचं दुकान १९३२चं. पण आज आपण जी साखळी म्हणतो ती उभी केली लेन रिजिओने. हा ब्रुकलिनचा पोरगा, वडील आधी मुष्टियोद्धे आणि मग टॅक्सीचालक. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत शिकता शिकता तिथल्याच पुस्तक दुकानात काम करायचा. मालकापेक्षा आपल्याला हे चांगलं जमेल असं वाटलं आणि १९६५ मध्ये ग्रीनिच व्हिलेजमध्ये त्याने विद्यार्थ्यांसाठी स्वतःचं दुकान थाटलं. १९७१ मध्ये डबघाईला आलेलं बार्न्स अँड नोबल त्याने सुमारे १२ लाख डॉलरला घेतलं, तेही बहुतेक कर्जावर.

रिजिओचं डोकं असं होतं की पुस्तकाचं दुकान हे देवघर असल्यासारखं जे वातावरण होतं, ते मोडायचं. जुन्या दुकानांत विक्रेता नाकावरून चष्मा खाली घेऊन बघायचा, आणि टॅक्सीवाल्याच्या मुलाला ते आत कुठेतरी लागलेलं असणार. समोरच्याच फुटपाथवर त्याने उरल्यासुरल्या आणि सवलतीतल्या पुस्तकांचं भलंमोठं दुकान काढलं. टीव्हीवर जाहिरात केली, १९७४ मध्ये. पुस्तकवाल्याने टीव्हीवर यायचं हे तेव्हा ऐकिवात नव्हतं. दुसऱ्या वर्षी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या खपाच्या यादीतल्या पुस्तकांवर ४० टक्के सूट. १९८६ अखेर बी. डाल्टन ही मॉलमधल्या सुमारे आठशे दुकानांची साखळी त्याने विकत घेतली, आणि मग नव्वदच्या दशकात ज्याला सुपरस्टोर म्हणतात ती दुकानं उघडायचा सपाटा लावला. लाख-सव्वा लाख शीर्षकं, बसायला खुर्च्या, स्टारबक्सची कॉफी, रात्री अकरापर्यंत दिवे. न्यूयॉर्कच्या युनियन स्क्वेअरमध्ये १८८०च्या सुमाराची एक जुनी इमारत आहे, तिचे अनेक मजले १९९५ मध्ये त्याने पुस्तकांनी भरले. न विकत घेता दिवसभर वाचत बसलं तरी कुणी उठवत नाही, याचं अप्रूप आपल्याकडून गेलेल्यांना फार वाटायचं. नव्वदीत तिकडे गेलेल्या इंजिनियर मंडळींच्या पहिल्या पत्रांत नायगारा आणि बार्न्स अँड नोबल जवळजवळ एकाच दमात यायचे.

बॉर्डर्सचा जन्म अगदी वेगळ्या घरातला. टॉम आणि लुई बॉर्डर्स हे भाऊ, गाव मिशिगनमधलं ॲन आर्बर, साल तेच, १९७१. विद्यापीठाचं गाव, त्यामुळे वाचक चोखंदळ. लुईला गणिताचं वेड. त्याने कॉम्प्युटरवर अशी पद्धत बसवली की कुठल्या दुकानात कुठल्या विषयाचं काय खपतंय, कधी खपतंय, आणि पुढे काय मागवावं हे आकड्यांतून निघायचं. त्या काळात दुकानदार वही आणि नजर यांवर चालायचे. बॉर्डर्सची पद्धत इतकी चांगली होती की ते ती बाहेरच्या दुकानांनाही पुरवायचे. पण मला जास्त आवडतं ते दुसरं : नोकरीला येणाऱ्याची ते पुस्तकांवर परीक्षा घ्यायचे. कोणी काय लिहिलंय हे ठाऊक नसेल तर काउंटरवर उभं करायचे नाहीत. म्हणजे आकडे यंत्राकडे आणि समज माणसाकडे, अशी वाटणी होती. जवळपास पाच दशकांनंतर बार्न्स अँड नोबलला ज्या औषधाने बरं वाटलं ते बॉर्डर्सच्या घरात सुरुवातीपासून होतं. बॉर्डर्सची शोकांतिका मला तिथे दिसते.

१९९२ मध्ये केमार्टने बॉर्डर्स विकत घेतली. केमार्ट म्हणजे साबण-टॉवेल-टायर विकणारी कंपनी. तिच्याकडे वॉल्डनबुक्स ही मॉलमधली साखळी आधीपासून होती. दोन्हींची मोट बांधली, ॲन आर्बरच्या जुन्या मंडळींपैकी बरेच निघून गेले, आणि १९९५ मध्ये केमार्टने ही सगळी गाठोडी शेअरबाजारात सोडून दिली. त्यानंतरचे कप्तान बघा : एक किराणा-औषधांच्या साखळीतून आलेला, पुढचा डिपार्टमेंट स्टोरमधून, त्याच्या पुढचा पुन्हा किराण्यातून. २००२ च्या सुमारास तर त्यांनी किराण्यातली ‘कॅटेगरी मॅनेजमेंट’ पुस्तकांना लावायचं ठरवलं. एका विषयाच्या शेल्फवर काय कसं मांडायचं याच्या अभ्यासात एका मोठ्या प्रकाशकाला सामील करून घ्यायचं, आणि त्या अभ्यासाचा खर्चही त्यानेच उचलायचा. टूथपेस्टला हे चालतं. टूथपेस्टच्या वर्षाला हजारो नव्या जाती निघत नाहीत.

आणि मग ती प्रसिद्ध चूक. २००१ मध्ये बॉर्डर्सने आपली वेबसाइट चालवायला ॲमेझॉनकडेच दिली. बॉर्डर्सच्या पत्त्यावर ऑर्डर टाकायची, विक्री ॲमेझॉनची. २००८ पर्यंत हे चाललं. आज सगळे हसतात, पण त्या वेळचा ताळेबंद बघितला तर वेबसाइट म्हणजे पैसे जाळायची भट्टी होती आणि ती कुणीतरी पत्करतंय म्हटल्यावर सुटकेचा नि:श्वास टाकलेला असणार. बॉर्डर्सचा जीव माझ्या मते तिथे गेला नाही. तो गेला जागांत. त्यांनी मोठमोठ्या जागा लांब मुदतीच्या भाड्याने घेतल्या होत्या, आणि त्या जागांचा मोठा भाग सीडी-डीव्हीडीला दिला होता. गाणी फोनवर आली तशी ती जमीन ओसाड पडली. भाडं मात्र पूर्ण चौरस फुटांचं. शिवाय सिंगापूर, ब्रिटन, ऑस्ट्रेलियात दुकानं, आणि हातात पैसा होता तेव्हा स्वतःचेच शेअर परत विकत घ्यायची हौस. १६ फेब्रुवारी २०११ ला दिवाळखोरीचा अर्ज झाला तेव्हा देणं १.२९ अब्ज डॉलर, त्यात एकट्या पेंग्विन या प्रकाशकाचे ४ कोटी १० लाख. जुलैत उरलेली ३९९ दुकानं मोडीत काढायचं ठरलं आणि सुमारे १०,७०० माणसं घरी बसली. त्यांच्या गिऱ्हाइकांची यादी आणि नाव बार्न्स अँड नोबलने १ कोटी ३९ लाखांत उचललं.

प्रकाशकांचे पैसे असे बुडतात तेव्हा नेमकं काय होतं? परत येणारा मालही दिवाळखोरीत अडकतो. तो दुकानातच ‘सर्वकाही विकणे आहे’च्या पाटीखाली मातीमोल भावाने जातो, आणि त्या भावाने बाजार भरला की इतर दुकानांतली तीच पुस्तकं पडून राहतात, ती रिटर्न येतात. एक साखळी बुडाली की तिच्या शेजाऱ्यांचेही पाय ओले होतात ते यामुळे.

पण त्याच काळात बार्न्स अँड नोबलची तब्येत काही फार छान नव्हती, हे तुमच्या प्रश्नात सुटलंय. नव्वदीत या कंपनीचा दरारा असा होता की स्वतंत्र दुकानदारांच्या संघटनेने तिला आणि बॉर्डर्सला १९९८ मध्ये कोर्टात खेचलं. प्रकाशक साखळ्यांना छुप्या जादा सवलती देतात, असा दावा. २००१ मध्ये ४७ लाख डॉलरवर तडजोड झाली, म्हणजे वकिलांच्या फीचा काही भाग निघाला. त्याच सुमारास बार्न्स अँड नोबलने इन्ग्रॅम ही देशातली सगळ्यात मोठी घाऊक वितरक कंपनी ६० कोटी डॉलरला घ्यायचा घाट घातला होता. स्वतंत्र दुकानदार हादरले : आपला पुरवठादार आपल्या वैऱ्याच्या खिशात! सरकारी यंत्रणेचा रोख बघून १९९९ मध्ये सौदा सोडून द्यावा लागला. तो झाला असता तर पुढचा इतिहास निराळा झाला असता असं मला वाटतं, कारण गोदाम आणि पाठवणी हीच पुढे ॲमेझॉनची खरी ताकद ठरली.

२००९ मध्ये त्यांनी नूक हे ई-वाचनाचं यंत्र आणलं. मायक्रोसॉफ्टने त्यात ३० कोटी डॉलर घातले आणि दोन वर्षांत अंग काढून घेतलं. नूकने किती पैसा खाल्ला याच्या चर्चा भरपूर झाल्या. मला त्याहून वाईट वाटतं ते हे की दुकानाच्या दारात, जिथे नवी पुस्तकं असायला हवीत, तिथे यंत्राचा काउंटर आला. मग खेळणी, मेणबत्त्या, पाण्याच्या बाटल्या. मुख्याधिकारी एकामागून एक बदलले. फिफ्थ ॲव्हेन्यूचं ते १९३२चं दुकान २०१४ च्या जानेवारीत बंद झालं. सातशेच्या वर गेलेली दुकानं घटत सव्वासहाशेच्या आसपास आली. २०१९ मध्ये इलियट नावाच्या गुंतवणूक फंडाने कर्जासकट ६८ कोटी ३० लाख डॉलरला कंपनी घेतली आणि जेम्स डॉन्ट या इंग्रजाला आणून बसवलं.

डॉन्ट मूळचा बँकेतला. नोकरी सोडून १९९० मध्ये त्याने लंडनच्या मॅरिलिबोन भागात एक जुनं पुस्तक दुकान घेतलं, लाकडी सज्ज्यांचं, आणि तिथे पुस्तकं देशांनुसार लावली. रशियाच्या कपाटात रशियाचं प्रवासवर्णनही, इतिहासही आणि कादंबरीही. २०११ मध्ये वॉटरस्टोन्स ही ब्रिटनची साखळी बुडायच्या बेतात होती. तिचा संस्थापक टिम वॉटरस्टोन याला डब्ल्यू. एच. स्मिथ या जुन्या ब्रिटिश साखळीने नोकरीवरून काढलं, म्हणून त्याने १९८२ मध्ये स्वतःचं दुकान काढलं होतं. पुढे ती स्मिथच्याच ताब्यात गेली, मग एचएमव्ही या गाण्यांच्या कंपनीकडे, आणि शेवटी एका रशियन अब्जाधीशाने ती ५ कोटी ३० लाख पौंडांना घेऊन डॉन्टच्या हाती दिली.

त्याने पहिलं काय केलं, तर प्रकाशकांकडून येणारा सुमारे २ कोटी ७० लाख पौंडांचा वार्षिक पैसा नाकारला. हा पैसा कशाचा? दुकानात शिरल्या शिरल्या जे टेबल दिसतं, खिडकीत जे लागतं, ‘महिन्याचं पुस्तक’ म्हणून जे मिरवतं, त्या जागा प्रकाशक विकत घेत असत. मुख्य कचेरीत यादी ठरायची, नकाशा निघायचा, आणि एडिनबरापासून प्लिमथपर्यंत प्रत्येक टेबलावर तीच पुस्तकं त्याच क्रमाने. दुकानातल्या माणसाचं काम खोकी फोडून नकाशाप्रमाणे लावणं. गावाला नको असलेली पुस्तकं मग काय होणार? भिवंडीच्या खोक्यांचं वर सांगितलंच. बुडत्या कंपनीने हातात येणारी अशी रक्कम सोडायची म्हणजे छाती हवी, कारण ती ताळेबंदात निव्वळ नफ्यासारखी दिसते. पण तिच्यामुळे जी नको ती खरेदी होते, जे टेबल अडतं, जो माल परत जातो, त्याची किंमत कुठल्याच रकान्यात एकगठ्ठा दिसत नाही.

डॉन्टने टेबलं दुकानांना परत दिली. काय मागवायचं, काय पुढे ठेवायचं ते दुकानाने ठरवायचं. दोनच्या किमतीत तीन असल्या योजना बंद. पूर्वी मागवलेल्यापैकी पाचवा हिस्सा किंवा जास्तच परत जायचा. तो आकडा तीन-चार टक्क्यांवर आला. २०१६ मध्ये कंपनी कित्येक वर्षांनी नफ्यात आली. हेच त्याने अमेरिकेत केलं. न्यूयॉर्कच्या मुख्य कचेरीतली खरेदी छाटली, आणि २०२० मध्ये कोरोनाने दुकानांना कुलपं लागली तेव्हा कर्मचाऱ्यांना आत बोलावून कपाटं हलवायला, पुस्तकं उतरवायला, रंग द्यायला लावलं. एरवी सहाशे दुकानं एकाच वेळी बंद ठेवायची कुणाची टाप होती?

सूट का परवडत नाही, त्याचा हिशेब मांडून दाखवतो. आकडे सोयीसाठी गोल केलेले आहेत. शंभर रुपयांचं पुस्तक साखळीला पंचावन्नला पडतं. राहिले पंचेचाळीस. भाडं, पगार, वीज, चोरी, फाटाफूट मिळून चाळीस धरा. हातात पाच. ज्या पुस्तकावर साखळी चाळीस टक्के सूट देते तिथे साठच रुपये येतात, पंचावन्न प्रकाशकाला जातात, म्हणजे खर्च धरला तर प्रत्येक प्रतीला पस्तीस रुपयांचा खड्डा. रिजिओच्या काळात हे चालायचं, कारण सवलतीतलं पुस्तक घ्यायला आलेला माणूस पूर्ण किमतीची आणखी दोन घेऊन जायचा. ॲमेझॉन आल्यावर सवलतीवाला गिऱ्हाईक दुकानात यायचाच बंद झाला. मग सूट कुणाला द्यायची? डॉन्टचं म्हणणं सरळ आहे : स्वस्ताईत आपण हरलोच आहोत, तर पूर्ण किंमत देऊन घ्यावंसं वाटेल असं दुकान करा. मला हे पटतं, पण पूर्ण नाही. ज्याच्या खिशात पूर्ण किंमत नाही त्याला रिजिओने दुकानात आणलं होतं, आणि तो माणूस या नव्या हिशेबात कुठेच नाही.

फ्रान्समध्ये हा प्रश्नच येत नाही. तिथे १९८१च्या कायद्याने छापील किमतीवर पाच टक्क्यांहून जास्त सूट देता येत नाही. ब्रिटनमध्येही विक्रेते-प्रकाशकांचा ठरीव किमतीचा करार १९०० पासून होता, तो १९९५ मध्ये कोसळला. अमेरिकेत किंवा आपल्याकडे असा अंकुश नाही, म्हणून साखळ्यांचा धडा घेताना आपण अमेरिकेकडे बघणं बरोबर आहे.

डॉन्टला फार डोक्यावर घेऊ नका, हेही सांगायला हवं. नशीब जोरावर होतं. कोरोनात लोकांनी पुस्तकं घेतली, टिकटॉकवर तरुण मुली कादंबऱ्यांसाठी रडू लागल्या आणि त्या कादंबऱ्या कागदावरच हव्या होत्या. मोठमोठी दुकानं बंद पडल्याने मॉलवाल्यांकडे रिकाम्या जागा होत्या, भाडी उतरली होती, आणि कंपनी शेअरबाजारातून बाहेर आल्याने दर तिमाहीला कुणाला तोंड दाखवायचं नव्हतं. २०२४ मध्ये त्यांनी पन्नासहून अधिक दुकानं उघडली. २००९ ते २०१९ या अख्ख्या दशकात मिळून उघडली नव्हती इतकी. ही नवी दुकानं जुन्यांपेक्षा लहान आहेत, हे विसरू नका. डेन्व्हरचं टॅटर्ड कव्हर हे नामांकित स्वतंत्र दुकान दिवाळखोरीत गेलं, तेही यांनीच घेतलं. ज्यांनी कधी साखळ्यांना कोर्टात ओढलं त्यांच्यातलाच एक आज साखळीच्या छताखाली आहे. आणि पगार. २०१९ मध्ये वॉटरस्टोन्सच्या कर्मचाऱ्यांनी जगण्यापुरता पगार द्या म्हणून अर्ज केला, लेखक त्यांच्या बाजूने उभे राहिले. कंपनीला परवडत नाही, असं उत्तर मिळालं. अमेरिकेतही काही दुकानांत कर्मचाऱ्यांनी युनियन बांधली. दुकानातल्या माणसाच्या पारखीवर सगळा डोलारा उभा करायचा आणि पैसे मात्र हेल्परचे, हे फार वर्षं चालत नाही. शिवाय इलियट हा फंड आहे, त्याने विकण्यासाठीच घेतलंय.

आता आपल्याकडचं. साखळ्या आपल्याकडे झाल्याच नाहीत असं नाही. रेल्वे फलाटावरचं व्हीलर ही आपली फार जुनी साखळी, १८७७ची, अलाहाबादहून चालणारी, आणि तिथे जागा होती स्टेशनातली. चेन्नईचं लँडमार्क टाटांच्या ट्रेंटकडे गेलं आणि हळूहळू खेळण्यांत विरलं. मुंबईत १९९२ मध्ये सुरू झालेलं क्रॉसवर्ड पुढे शॉपर्स स्टॉपकडे आलं, आणि २०२१ मध्ये ते पुण्याच्या उद्योजक कुटुंबाला विकायचं ठरलं. क्रॉसवर्डमध्ये शिरल्यावर पुस्तकांआधी बाहुल्या दिसतात अशी तक्रार मी अनेकदा ऐकतो. तक्रार रास्त आहे, पण बाहुलीवर पुस्तकापेक्षा जास्त पैसे सुटतात आणि मॉलचा मालक चौरस फुटाला भाडं बाहुलीच्या हिशेबाने मागतो. फोर्टमधलं स्ट्रँड हे शानभागांचं दुकान, १९४८ पासूनचं, वीस टक्के सूट देणारं, २०१८ मध्ये बंद झालं. ती साखळी नव्हती. पण मुंबईत साखळीला जे वाचक लागतात ते तिथे घडले होते.

मराठी पुस्तकांचं तर गणितच साखळीत बसत नाही. हजार प्रतींची आवृत्ती, कधी पाचशेची. त्यातल्या बऱ्याच ग्रंथालयांना, काही प्रकाशनपूर्व सवलतीत, काही संमेलनाच्या आणि प्रदर्शनांच्या मांडवात जातात. अक्षरधारासारख्यांनी गावोगाव प्रदर्शनं भरवून जो वाचक गाठला, तो मॉलमध्ये येणारा नव्हता. साखळीच्या खरेदी विभागाला बारकोड हवा, सहा महिने आधी कॅटलॉग हवा, नव्वद दिवसांची उधारी हवी आणि वर रिटर्न. छोट्या मराठी प्रकाशकाने साठ प्रती अशा चार महिने अडकवल्या तर पुढच्या पुस्तकाच्या कागदाला पैसे कुठून आणायचे? म्हणून तो रोखीने घेणाऱ्या अप्पा बळवंत चौकातल्या दुकानदाराला आधी माल देतो, आणि साखळीतल्या मराठी कपाटात तीच ती वीस-पंचवीस जुनी नावं उरतात.

तुम्ही भागीदारीचं विचारलंत म्हणून : चाळीस दुकानांची साखळी काढायला कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका. तीन-चार दुकानं, प्रत्येकी हजार-बाराशे चौरस फुटांच्या आत, मॉलबाहेर, आणि प्रत्येक दुकानाची खरेदी तिथल्याच माणसाच्या हाती, असा प्रस्ताव आला तर पुढचं बोला. बोलताना भाडेकरार किती वर्षांचा आणि दरवर्षी वाढ किती टक्के, ते आधी विचारा. पुण्यात जी जुनी दुकानं टिकली त्यांच्यापैकी बऱ्याच जणांच्या जागा एक तर स्वतःच्या आहेत किंवा आजोबांच्या काळच्या भाड्याच्या. नव्या माणसाला त्या भाड्यात पुण्यात आज पानाची टपरीही मिळत नाही.